ताजमधला बँड मांडवात आणणारा संगीतकार

शहरातील संगीत कोणासाठी असते, हा प्रश्न वरकरणी रसिकतेचा वाटतो. वस्तुतः तो खर्चाचा प्रश्न आहे. एक गायक, एक तबलजी आणि एक पेटीवाला यांची मैफल एखाद्याच्या दिवाणखान्यातही होऊ शकते. परंतु सोळा-सतरा वादकांचा ताफा उभा करायचा तर त्यांचे पैसे कोणीतरी मोजावे लागतात, आणि जो पैसे मोजतो तो बहुधा आत कोणाला घ्यायचे हेही ठरवतो. अमेरिकेतील शिकागो शहराने या प्रश्नाचे एक उत्तर शोधले. थोर जॅझ-संगीतकार ड्यूक एलिंग्टन १९७४ मध्ये निवर्तले, तेव्हा तेथील वादकांनी ग्रँट पार्क या सार्वजनिक उद्यानात त्यांच्या स्मरणार्थ खुली मैफल केली. पुढे १९७९ पासून त्या शहरात दरवर्षी विनामूल्य जॅझ-महोत्सव भरू लागला. उन्हाळ्याच्या संध्याकाळी गवतावर बसावे आणि एका पैशाचेही तिकीट न काढता पूर्ण वाद्यवृंद ऐकावा, ही गोष्ट त्या शहराच्या अंगवळणी पडली.

असे काही मुंबईत, त्यातही अंधेरी-गोरेगावसारख्या उपनगरात व्हावे असे कोणी म्हटले, तर जॅझ हे आपले संगीत नव्हे, ते पंचतारांकित हॉटेलांतील धनिकांचे, असा आक्षेप हमखास येईल. हा आक्षेप इतिहासाला धरून नाही. मुंबईच्या गिरणगावाने आणि उपनगरांनी हे संगीत मोकळ्या आकाशाखाली, फुकट, वर्षानुवर्षे ऐकले आहे. त्याच्या तालावर ती नाचली आहेत. फक्त त्याचे नाव जॅझ आहे हे त्यांना कोणी सांगितले नाही. हे घडवून आणणारा माणूस होता पुणतांब्याचा रामचंद्र नरहर चितळकर, अर्थात संगीतकार सी. रामचंद्र.

ताजचे दार

ज्याला इंग्रजीत बिग बँड म्हणतात तो वाद्यवृंद अमेरिकेत १९२० नंतर आकाराला आला आणि १९३५ ते १९४५ या दशकात त्याने कळस गाठला. एका बाजूस ट्रंपेट आणि ट्रॉम्बोन ही पितळी वाद्ये, दुसऱ्या बाजूस सॅक्सोफोन व क्लॅरिनेट, आणि मागे लय सांभाळणारे पियानो, गिटार, डबल बास व ड्रम अशी त्याची साधारण मांडणी असते. एका फळीने एक वाक्य टाकायचे, दुसरीने त्याला जबाब द्यायचा, ही त्याची मुख्य युक्ती. शाहिराची ओळ झीलकरी कशी उचलून धरतात हे ज्याने ऐकले आहे, त्याला या सवालजवाबाचे नवल वाटू नये. त्यातली लय मात्र सरळ चालत नाही. ती झोका घेते, आणि त्या झोक्यातच तिची मोहिनी असते.

मुंबईत हे संगीत आले ते समुद्रमार्गे आणि उतरले ते ताजमहाल हॉटेलात. १९३५ मध्ये लिऑन ॲबे या कृष्णवर्णी अमेरिकी व्हायोलिनवादकाचा बँड तेथे वाजला. पाठोपाठ पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. त्यांच्या सहवासात गोव्याचे तरुण वादक तयार झाले. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या चर्चशाळांतून मुलांना स्वरलेखन वाचण्याचे आणि व्हायोलिन वाजवण्याचे शिक्षण मिळे. त्या शिदोरीवर शेकडो गोवेकर मुंबईच्या हॉटेलांत व पुढे चित्रपटगृहांत आणि स्टुडिओंत पोटाला लागले. हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ त्यांतलेच. लुई आर्मस्ट्राँगच्या धाटणीने ट्रंपेट वाजवणारा हा कलावंत चिक चॉकलेट या नावाने विख्यात झाला. पण त्याचा ट्रंपेट ऐकायचा तर अंगावर उंची पोशाख आणि खिशात भरपूर पैसा हवा. गिरणीतल्या जॉबरला किंवा कचेरीतल्या कारकुनाला अपोलो बंदरावर उभे राहून ताजचे दिवे तेवढे पाहता येत.

पेटीवाला

सी. रामचंद्र यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे झाला. घरच्या परिस्थितीत ऐषाराम नव्हता. नागपुरास शंकरराव सप्रे यांच्याकडे आणि पुण्यास गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे त्यांनी गाण्याचे शिक्षण घेतले. म्हणजे त्यांची बैठक ही पलुस्करी शिस्तीची, शुद्ध स्वर आणि ठाशीव बंदिशीची. त्यांना ओढ मात्र पडद्याची होती. १९३५ च्या सुमारास ‘नागानंद’ या बोलपटात ते नायक म्हणून झळकले. चित्रपट चालला नाही आणि नायकाचेही नाव झाले नाही. सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये ते किरकोळ भूमिका करीत आणि संगीत विभागात बिंदू खाँ व हबीब खाँ यांच्या हाताखाली पेटी वाजवीत. बोलपटाच्या धंद्यात पेटीवाल्याची जागा कारकुनापेक्षा फारशी वरची नसे. दुसऱ्याच्या चाली बसवायच्या, गायकांना पाठ करून द्यायच्या, आणि महिनाअखेर पगार घ्यायचा.

तेथून त्यांना बाहेर काढले ते भगवान आबाजी पालव यांनी. गिरणी कामगाराच्या घरातले, दादरच्या चाळीत वाढलेले हे मास्टर भगवान तेव्हा मारधाडीचे स्वस्तातले चित्रपट काढीत. त्यांच्या दोन तामिळ चित्रपटांना चाली देऊन चितळकर संगीतकार झाले आणि १९४२ मधील ‘सुखी जीवन’ने हिंदीचे दार उघडले. पैशाचे पाठबळ नसलेल्या दोन मराठी तरुणांची ही मैत्री पुढे हिंदी चित्रसंगीताला वळण लावणारी ठरली.

दोन विद्यांचे लग्न

चितळकरांना स्वरलेखन वाचणाऱ्या वादकांची विद्या पुरती अवगत नव्हती. गोवेकर वादकांना रागांची चाल आणि हिंदी शब्दांचे वजन परके होते. या दोन अपुरेपणांची गाठ पडली आणि त्यातून नवे काही जन्मले. चितळकर चाल गुणगुणत. गोवेकर सहायक ती कागदावर उतरवून घेत, कोणत्या वाद्याने कोठे बोलायचे आणि कोठे गप्प बसायचे हे ठरवत. चिक चॉकलेट हे त्यांचे असे सहायक झाले.

अंधेरीहून गोरेगावला जाणाऱ्या प्रवाशाला हा इतिहास आपल्या अगदी शेजारचा आहे याची क्वचितच जाणीव असते. १९४७ मधील ‘शहनाई’ हा गोरेगावच्या फिल्मिस्तान स्टुडिओचा चित्रपट. त्यातील रविवारच्या भेटीचे आमंत्रण देणारे खट्याळ गाणे गल्लोगल्ली पोचले आणि तितक्याच जोराने थिल्लर म्हणून धिक्कारले गेले. त्याच स्टुडिओच्या १९५० मधील ‘समाधी’त त्यांनी एका परदेशी लॅटिन-अमेरिकन धुनेचा आधार घेऊन धमाल उडवून दिली. ही उसनवारी होतीच. ती लपवण्यासारखी नाही. परंतु उसने भांडवल आणून त्यावर स्वतःचा धंदा उभा करणारा आणि उसन्यावरच जगणारा यांत फरक असतो. सी. रामचंद्र पहिल्या प्रकारातले होते, हे सिद्ध करायला १९५१ चा ‘अलबेला’ पुरेसा आहे.

‘अलबेला’ची कथा मुद्दाम आठवावी अशी आहे. घरची गरिबी, फुटकळ नोकरी, बहिणीच्या लग्नाची विवंचना आणि डोळ्यांत मात्र रंगभूमीची स्वप्ने असा त्याचा नायक. मास्टर भगवान यांनी ती भूमिका स्वतः केली आणि त्यांच्या तोंडी आवाज दिला तो चितळकरांनीच. हा नायक रंगमंचावर येतो तेव्हा त्याच्यामागे ट्रंपेट, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट आणि बाँगो यांची फौज वाजू लागते. एका गाण्यात तर चिक चॉकलेट आपल्या ताफ्यासह पडद्यावर साक्षात दिसतात. ज्या बँडपाशी पोचायला उंची पोशाख लागे, तो एका चाळकऱ्याच्या पाठीशी उभा राहून त्याची साथ करीत होता. चार-सहा आण्यांच्या बाकावर बसलेल्या प्रेक्षकाला त्याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नाही. आणि त्याच चित्रपटात पिलूच्या अंगाने जाणारी एक अंगाईही आहे. पटवर्धनबुवांचा शिष्य कोठे हरवलेला नव्हता.

पुढे १९५७ च्या ‘आशा’मध्ये ‘इना मीना डिका’ने या शैलीचे टोक गाठले. मुलांच्या अर्थहीन बडबडीला बँडच्या झोक्यात बसवणारे हे गाणे किशोरकुमार आणि आशा भोसले या दोघांनीही वेगवेगळे गायिले. त्यात जॉन गोम्स या गोवेकर सहायकाने कोकणी शब्दांची भर घातली, असे सांगतात. पुणतांबे आणि गोवा यांच्या त्या भागीदारीची ही खूण म्हणावी लागेल.

हिशेबाची बाजू

येथे अर्थशास्त्राचा एक साधा नियम लक्षात घ्यावा लागतो. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये दाखवून दिले, की कारखान्यात यंत्रामुळे माणशी उत्पादन वाढत जाते. परंतु चौघांनी वाजवायची रचना दोनशे वर्षांपूर्वी चौघांनीच वाजवावी लागे आणि आजही चौघांनीच वाजवावी लागते. इतर क्षेत्रांत वेतन वाढले की वादकांचेही वाढवावे लागते. वाजवणे मात्र जलद होत नाही. त्यामुळे जिवंत संगीत हे सापेक्षतः सतत महाग होत जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील मोठमोठे बँड मोडले त्याला आवडीनिवडी बदलल्या हे कारण होतेच. पण सतरा जणांचा पगार, प्रवास आणि वर युद्धकाळात लादलेला करमणूक-कर हे ओझे पेलवेना, हेही तितकेच खरे.

मुंबईत हॉटेलांचा आधार दुसऱ्या कारणाने खचला. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केला आणि मोरारजी देसाईंच्या कारकिर्दीत त्याची कडक अंमलबजावणी झाली. मद्याच्या विक्रीवर पोसलेले नृत्याचे दिवाणखाने ओस पडू लागले. एरवी त्या वादकांवर उपासमारीची पाळी यायची. पण नेमक्या त्याच वेळी चित्रपटसृष्टीला त्यांची गरज निर्माण झाली होती. एका गाण्यासाठी तीस-चाळीस वादक बसवण्याचा खर्च हॉटेलच्या शंभर पाहुण्यांवर वाटायचा तर तो अफाट. तोच देशभरातल्या लाखो तिकिटांवर वाटला की माणशी पैचाही नाही. अमेरिकेत मोठे बँड खर्चापायी मोडत असताना मुंबईत मोठा वाद्यवृंद टिकला आणि फोफावला, त्याचे रहस्य या भागाकारात आहे.

आणि तिकिटाचे पैसेही ज्याच्याजवळ नव्हते, त्याच्यापर्यंत हे संगीत गणेशोत्सवाने नेले. मांडवावरच्या कर्ण्यातून ‘अलबेला’च्या तबकड्या वाजत; रस्त्यात पडदा बांधून चित्रपट दाखवले जात; विसर्जनाच्या मिरवणुकीत भगवानच्या पदन्यासाची नक्कल करीत तरुण नाचत. लग्नाच्या वरातीतले बँडवाले या चाली केवळ कानाने उचलून क्लॅरिनेट आणि ट्रंपेटवर वाजवीत. मरोळ, आंबोलीच्या गावठाणांतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती मराठीभाषकांच्या लग्नांत तर पितळी बँडची परंपरा आधीपासून होती. खुल्या मैदानातील विनामूल्य मैफल म्हणतात ती याहून वेगळी काय असते? मराठीत ‘ऑर्केस्ट्रा’ हा शब्दच मुळी मैदानात होणाऱ्या चित्रपटगीतांच्या कार्यक्रमासाठी रूढ झाला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

राज्यकर्त्यांना हे रुचले नाही. १९५२ मध्ये नभोवाणी खात्याची सूत्रे हाती आलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे अभिजात संगीताचे निष्ठावंत उपासक. आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताला त्यांनी मानाचे स्थान दिले, हे त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु चित्रपटगीतांना त्यांनी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केले, तेव्हा श्रोत्यांनी सुई रेडिओ सिलोनकडे फिरवली. मागणी दडपली की ती नाहीशी होत नाही, सीमेपलीकडे जाते. १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून सरकारला ही चूक सुधारावी लागली. केसकर आणि सी. रामचंद्र दोघेही मराठी मुलखाचे. एकाला संगीताचा दर्जा राखायचा होता, दुसऱ्याला त्याचा पल्ला वाढवायचा होता. सी. रामचंद्रांनी १९५३ च्या ‘अनारकली’त लता मंगेशकरांच्या स्वरातून जे अवीट माधुर्य निर्माण केले ते पाहता दर्जा आणि पल्ला यांत वैर असण्याचे कारण नाही, हे केसकरांनाही पटायला हरकत नव्हती.

बिन नावाचे वादक

या कथेची दुसरी बाजू इतकी सुखाची नाही. श्रोत्याला जे फुकट मिळाले त्याची किंमत काही अंशी वादकांनी भरली. त्यांना पाळीवर रोख बिदागी मिळे. तबकडीवर नाव नसे, विक्रीत वाटा नसे. अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या व्यासंगी संयोजकाचे नाव घरोघरी पोचले, पण ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तील विनोदी गाण्यामुळे, त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूला वाहिलेली ती आदरांजली आहे हे फार थोड्यांना ठाऊक होते. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की चित्रपटासाठी मोबदला घेऊन केलेल्या गाण्याचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माताच. संगीतकार आणि गीतकार यांचा स्वामित्वधनावरील हक्क शाबूत राखणारी दुरुस्ती कायद्यात व्हायला २०१२ साल उजाडावे लागले. चिक चॉकलेट १९६७ मध्येच निवर्तले होते. मास्टर भगवान यांनी ‘अलबेला’वर मिळवलेले सारे पुढच्या चित्रपटांत गमावले आणि २००२ मध्ये दादरच्या चाळीतच अखेरचा श्वास घेतला.

सी. रामचंद्र यांचाही बहराचा काळ १९६० नंतर ओसरला. स्वतः चित्रपट काढण्याच्या उद्योगात त्यांना यश आले नव्हते. नव्या संगीतकारांनी त्यांच्याच वाटेवर पुढे मजल मारली. १९५९ चा ‘नवरंग’, १९६१ चा ‘स्त्री’ हे शांतारामबापूंचे चित्रपट आणि २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत पंडित नेहरूंच्या समोर लताबाईंनी गायिलेले कवी प्रदीप यांचे हुतात्म्यांचे गीत ही त्या उत्तरार्धातील शिखरे. चीनच्या युद्धाने हबकलेल्या देशाला त्या चालीने मोकळेपणी रडू दिले. एका खुल्या सभेत, हजारोंच्या समुदायासमोर प्रथम गायिले गेलेले ते गाणे, ज्याला टीकाकारांनी थिल्लर ठरवले होते त्याच संगीतकाराचे होते. नंतर त्यांनी गदिमांचे ‘गीतगोपाल’ स्वरबद्ध केले, मराठी चित्रपटांना चाली दिल्या, ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र लिहिले. ५ जानेवारी १९८२ रोजी, चौसष्टावे वर्ष पुरे व्हायला आठवडा उरला असता, मुंबईत त्यांचे निधन झाले.

ऋण कसे फेडावे

त्यांच्या मागोमाग तो वाद्यवृंदही गेला. इलेक्ट्रॉनिक वाद्यांमुळे चाळीस जणांचे काम एक-दोन जण करू लागले, तेव्हा निर्मात्यांनी तो खर्च टाळला. धंद्याच्या दृष्टीने त्यांचे चुकले असे म्हणता येत नाही. अंधेरीतील प्रकाश आणि मोहन हे स्टुडिओ इतिहासजमा झाले. फिल्मिस्तानची जागाही २०२५ मध्ये गृहबांधणी करणाऱ्या कंपनीने विकत घेतली. धोबीतलावच्या ज्या रंगभवनात १९७८ मध्ये मुंबईची जॅझ-यात्रा उघड्या आकाशाखाली भरली, ते शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे बंद पडले. मिरवणुकीतील क्लॅरिनेटची जागा ध्वनिवर्धकांच्या भिंतींनी घेतली, आणि कानठळ्या बसलेले नागरिक संगीताच्या नावानेच बोटे मोडू लागले. वस्तुतः पितळी वाद्यांचा ताफा विजेच्या भोंग्याविनाही मैदानभर पोचतो. रात्री दहाच्या आत आटोपणारी अशी मैफल हा गोंगाट नव्हे, गोंगाटावरचा उतारा आहे.

हॉटेलाने पोसलेला बँड मूठभरांचा होता. चित्रपटाने पोसलेला बँड सर्वांचा झाला, पण वादकाला बेनाम ठेवून. आता दोघांनीही हात काढून घेतला आहे. सार्वजनिक उद्यान, ग्रंथालय आणि दिवाबत्ती यांचा खर्च ज्या न्यायाने समाज उचलतो, त्याच न्यायाने हाही त्याने उचलावा. एकाने ऐकल्याने दुसऱ्याचे ऐकणे कमी होत नाही, अशा वस्तूची सोय बाजारपेठ पुरेशी करीत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गात शिकवले जाते. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटी रुपयांहून मोठा होता. त्या सागरातून अंधेरीच्या एखाद्या मैदानात वर्षाकाठी एका संध्याकाळची मैफल भरवणे अवघड नाही. पुण्याने न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने १८७५ पासून उन्हाळ्यात वसंत व्याख्यानमाला चालवली. उपनगरांनी मे महिन्याच्या सुटीत आपली वसंत मैफल का चालवू नये?

मात्र दोन अटी पाळाव्या लागतील. प्रवेशाला तिकीट नसावे आणि मानकऱ्यांसाठी पुढच्या खुर्च्या राखून ठेवू नयेत, ही पहिली. दुसरी अट अधिक महत्त्वाची. श्रोत्याला फुकट म्हणजे वादकाला फुकट, असा अर्थ कोणी काढू नये; प्रत्येक वादकाला रास्त मानधन द्यावे आणि त्याचे नाव फलकावर ठळक लिहावे. सतरा वादकांची सतरा नावे त्या फलकावर आली, तर सी. रामचंद्र यांचे आणि त्यांच्या मागे उभ्या राहिलेल्या गोवेकर वादकांचे थोडेफार ऋण फिटेल.